दोनशेवा अंक आणि एक क्रियापद

हैदराबादला शिकत होते तेव्हा दर रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जायचं, हा नेम होता. बंद दुकानांसमोर पुस्तकांचे ढीग लागायचे, त्यांत अभियांत्रिकीच्या गाइडांखाली कधी कधी अमेरिकन कॉमिक्स सापडायची. तिथेच मला ‘अ‍ॅव्हेंजर्स’चा २००वा अंक मिळाला : ऑक्टोबर १९८०, वर्धापनाचा जाडजूड अंक, जॉर्ज पेरेझची चित्रं. एका चौकटीत आठ-दहा माणसं कोंबून प्रत्येकाला वेगळा चेहरा द्यावा तर पेरेझनेच. मी तो एका दमात वाचला. शेवटी नायिका तिच्या प्रियकरासोबत निघून जाते तेव्हा मला बरंही वाटलं होतं.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी या अंकाबद्दल जे लिहिणार आहे, ते त्या मुलीला दिसलं नव्हतं. आणि ती मुलगी तुलनात्मक साहित्य शिकत होती.

कथा थोडक्यात अशी. कॅरल डॅन्व्हर्स, म्हणजे मिझ मार्व्हल, एकाएकी गरोदर असल्याचं कळतं. मूल कुणाचं, तिला ठाऊक नाही. काही दिवसांतच ती बाळंत होते आणि बाळ एका दिवसात वाढून पुरुष होतं. त्याचं नाव मार्कस. तो काळाच्या बाहेरच्या लिंबो नावाच्या जागी एकटा वाढलेला, इम्मॉर्टसचा मुलगा. पृथ्वीवर येण्यासाठी त्याला जन्म घेणं भाग होतं, म्हणून त्याने कॅरलला लिंबोत ओढून नेलं, तिची मनधरणी केली, तिच्या उदरात स्वतःलाच रुजवलं आणि तिची स्मृती पुसून तिला परत पाठवलं. तो पृथ्वीवर आल्यावर न्यूयॉर्कमध्ये काळाचा गोंधळ उडतो, रस्त्यांवर डायनोसॉर फिरू लागतात. हॉकआय मार्कसचं यंत्र फोडतो, मार्कस झपाट्याने म्हातारा होऊ लागतो. मग कॅरल म्हणते, मला याच्याबद्दल काहीतरी वाटतं, मी याच्यासोबत जाते. थॉर आपल्या हातोड्याच्या बळावर दोघांना पोहोचवून येतो. उरलेले आशा करतात की ती सुखात राहील.

मनधरणी पुरेशी पडली नाही आणि मग वडिलांच्या यंत्रांचा किंचित वापर केला, हे मार्कस स्वतः सांगतो. त्याच्या वाक्याशी मी अनुवादक म्हणून पुष्कळ वेळ झटापट केली. इंग्रजीत यंत्रांचा उल्लेख दोन विरामचिन्हांच्या मधे दडवता येतो, आणि मुख्य वाक्याची कर्ती राहते ती : ती त्याची ‘झाली’. मराठी इथे सहकार्य करत नाही. ‘यंत्रांची मदत घेऊन ती माझी झाली’ असं लिहिलं, तर ‘घेऊन’चा कर्ता आणि ‘झाली’चा कर्ता एकच ठरतो, म्हणजे मदत तिनेच घेतली! हे चुकीचं आहे, हे शाळेतलं पोरही सांगेल. मग वाक्य सरळ करायचं तर एकच मार्ग उरतो : ‘यंत्रांची मदत घेऊन मी तिला माझी केली.’ ‘झाली’च्या जागी ‘केली’ आलं की अंकातली प्रेमकथा तिथेच संपते. एका कार्यशाळेत मी हे वाक्य भाषांतराला दिलं होतं. बहुतेकांनी ‘मदतीने’ हा शब्द शोधून ‘झाली’ वाचवलं. व्याकरणाने रस्ता अडवला की आपण गल्ली काढतोच.

आता कुणी म्हणेल, ही पुराणकथेच्या जातीची गोष्ट आहे. अद्भुत जन्मांना आजच्या संमतीच्या कसोट्या कशाला? म्हणून महाभारतातला नियोग आठवून पाहावा. सत्यवतीच्या आज्ञेने व्यास अंबिकेकडे जातात, ती डोळे मिटून घेते. अंबालिका पांढरी पडते. एकीचा मुलगा आंधळा, दुसरीचा फिकट. पुन्हा जायची वेळ येते तेव्हा अंबिका स्वतःऐवजी दासीला पाठवते. कथा त्या स्त्रियांना न्याय देत नाही, पण त्यांची नाखुशी विसरतही नाही. ती मुलांच्या देहावर कोरून ठेवते आणि सगळं पुढचं महाभारत त्या नोंदीवर उभं राहतं. २००व्या अंकात अशी नोंद कुठेच उरत नाही.

उरत नाही म्हणताना थोडं थांबायला हवं, कारण नोंद झाली होती. बाळंतपणानंतर वास्प आनंदाने बाळाचं कौतुक सांगत येते, तेव्हा कॅरल भडकते. आपला वापर झाला आहे, हे मूल आपलं नाही, हे ती स्पष्ट शब्दांत बोलते. तो फुगा आजही त्या पानावर आहे. पटकथा लिहिणाऱ्याच्या हातून खरं वाक्य उतरलं होतं. पण खोलीतल्या एकानेही त्याला उत्तर दिलं नाही. बीस्ट विनोद करतो, बाकीचे बाळाभोवती जमतात. स्वतंत्र नायकाच्या कॉमिकमध्ये हे घडलं असतं तर ती एक वाईट कथा ठरली असती. हे मात्र चमूचं कॉमिक आहे. १९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ते सुरू केलं तेव्हापासून त्याचं वचनच असं की एकट्याला न पेलणारं संकट सगळे मिळून पेलतील. इथे संकट सोबतिणीच्या शरीरावर येतं आणि सगळे डायनोसॉरांशी लढायला जातात. माझी निराशा ती हीच. कथानकाच्या श्रेयनामावलीत जिम शूटर, पेरेझ, बॉब लेटन आणि पटकथाकार डेव्हिड मिशेलिनी अशी चार नावं आहेत. म्हणजे कागदाबाहेरही एक चमूच होता.

आणि पात्र कोणतं निवडलं? ‘मिझ’ हे संबोधनच मुळी बाईची ओळख लग्नावरून ठरू नये म्हणून पुढे आणलेलं. मराठीला त्याचा नेमका अर्थ लावताना अजून अडखळायला होतं : एका बाजूला ‘सौ.’, दुसऱ्या बाजूला ‘कु.’, आणि ‘श्रीमती’ म्हटलं की ऐकणारा मनात नवऱ्याची चौकशी करतो. हिंदीने ‘सुश्री’ची सोय केली. १९७७ साली हे संबोधन बिरुदासारखं मिरवत कॅरलचं स्वतःचं मासिक निघालं, १९७९मध्ये बंद पडलं, आणि पुढच्याच वर्षी तिला लिंबोत रवाना केलं गेलं.

तक्रार पहिल्यांदा वाचकांतून आली. कॅरल स्ट्रिकलँड यांनी चाहत्यांच्या एका नियतकालिकात लेख लिहून या घटनेला बलात्कार म्हटलं. लेखाच्या शीर्षकातच तो शब्द होता. मार्व्हलच्या आतून उत्तर आलं ते १९८१च्या अ‍ॅव्हेंजर्सच्या दहाव्या वार्षिकांकात. क्रिस क्लेअरमाँट हे कॅरलच्या मासिकाचे बराच काळ लेखक होते. त्यांनी, मायकेल गोल्डनच्या चित्रांसह, तिला परत आणलं. मार्कस लिंबोत म्हातारा होऊन मेला, ती एकटीच वाट काढून आली, असं तिथे कळतं. शेवटी पोहण्याच्या तलावाकाठी ती अ‍ॅव्हेंजर्ससमोर उभी राहते आणि वर्षभरापूर्वीच्या त्या फुग्याचा हिशोब मागते : मी सांगत होते तेव्हा तुम्ही काय केलंत?

हा वार्षिकांक मी पुष्कळ उशिरा वाचला. त्याला निर्दोष म्हणणं जमत नाही. या एका संभाषणासाठी कॅरलला जबर किंमत मोजावी लागते : रोग नावाच्या नव्या खलनायिकेने तिची शक्ती आणि स्मृती हिरावून तिला गोल्डन गेट पुलावरून फेकून दिलेलं असतं. स्मृती परत मिळतात, पण त्यांच्याशी जोडलेल्या भावना परतत नाहीत. एका अंकाने केलेली लूट दुरुस्त करायला दुसऱ्या अंकाने तिला पुन्हा लुटावं, यात लेखकाची अगतिकता आहे की सवय, मला ठरवता येत नाही. रोग पुढे वाचकांची लाडकी झाली, हे वेगळंच.

तरीही तलावाकाठची ती पानं मी २००व्या अंकाशेजारी ठेवून वाचते. गोल्डनला पेरेझसारखी गर्दी नको आहे. तो कॅरलला जागा देतो, बाकीच्यांना मागे सारतो. ती बोलत राहते, आणि या वेळी कुणी विनोद करत नाही. जगाला अनेकदा वाचवलेली ही मंडळी खाली मान घालून ऐकतात. जाताना त्यांच्यापाशी द्यायला काहीच नसतं.