रंगीत विजेरीचा प्रकाश : विशेषण की विधेय?

अंधारात कॅमेऱ्याचे शटर दीर्घकाळ उघडे ठेवावयाचे आणि हातातील दिव्याने दृश्य घडवावयाचे, या छायाचित्रणपद्धतीला इंग्रजीत 'लाइट पेंटिंग' म्हणतात. मराठीत तिच्यासाठी सर्वमान्य अशी संज्ञा अद्याप रूढ झालेली नाही. ही उणीव केवळ परिभाषेची असती तर तिची दखल घेण्याचे फारसे कारण नव्हते. परंतु मूळ इंग्रजी संज्ञेनेच दोन अगदी भिन्न क्रिया एका नावाखाली आणल्या आहेत आणि त्यामुळे या प्रकारच्या समीक्षेत बराच घोटाळा माजला आहे. पहिल्या क्रियेत दिव्याचे तोंड भिंगाकडे असते. दिवा जसा फिरेल तशी त्याची वाट चित्रात रेषा होऊन उमटते. दुसऱ्या क्रियेत दिव्याचे तोंड वस्तूकडे असते. दिवा आणि तो धरणारा दोघेही चित्रात दिसत नाहीत, केवळ उजळलेली वस्तू दिसते. पहिलीला प्रकाशलेखन आणि दुसरीला प्रकाशलेपन म्हणावे. नावातील एका अक्षराचा हा फरक व्यवहारात फार दूरवर जातो.

लेखनाचा इतिहास जुना आहे आणि त्याचा उगम कलेत नाही. एत्येन-झ्यूल मारे आणि जॉर्ज दमेनी यांनी १८८९ मध्ये माणसाच्या सांध्यांवर लहान विद्युद्दीप बांधून त्याच्या सदोष चालीचा आलेख एका छायाचित्रावर मिळविला. पुढे फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९१४ च्या सुमारास कामगारांच्या हातांना दिवे लावून त्यांच्या हालचालींचा अपव्यय मोजला. दोन्ही ठिकाणी प्रकाशाची रेषा ही मोजमापाची रेषा होती. मॅन रे याने १९३५ मध्ये स्वतःसमोर दिवा फिरवून गिरगोट्यांसारख्या दिसणाऱ्या रेषा काढल्या, तेव्हा ती प्रथमच निरर्थक झाली, किंवा तसे सर्वांना वाटले. २००९ मध्ये एलन केरी या छायाचित्रकर्तीने ते चित्र आरशात धरून पाहिले आणि त्या गिरगोट्यांत मॅन रे याची स्वाक्षरी आढळली. यात चमत्कार काही नाही. कॅमेऱ्याकडे तोंड करून जो आपल्या सवयीप्रमाणे लिहितो, त्याचे लेखन कॅमेऱ्याला उलटे दिसणारच. वाचकाचे स्थान आणि लेखकाचे स्थान एक नसले की लिपी असूनही वाचन अडते. भाषेच्या अभ्यासकाला हे सांगावयास नको.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १९४९ चा. जोन मिली हा आल्बेनियात जन्मलेला आणि अमेरिकेत अभियांत्रिकी शिकलेला छायाचित्रकार 'लाइफ' साप्ताहिकासाठी दक्षिण फ्रान्समधील व्हालोरिस येथे पिकासोला भेटला. बर्फावर घसरणाऱ्या खेळाडूंच्या बुटांना दिवे लावून काढलेली आपली चित्रे त्याने पिकासोला दाखविली. पिकासोने अंधाऱ्या खोलीत हातातल्या दिव्याने हवेत बैल, सेंटॉर आणि ग्रीक चेहरे रेखाटले. एका क्षणिक फ्लॅशने चित्रकाराची आकृती उमटविली आणि उघड्या शटरने त्याच्या हाताची वाट. ही चित्रे १९५० च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. त्यांची जी स्तुती होते ती बहुधा वेगाची आणि आत्मविश्वासाची होते. वस्तुतः त्यांचे खरे वैशिष्ट्य निराळे आहे. कागदावरील रेषेत तिचा काळ लपलेला असतो. येथे तो मोजता येतो. हात जेथे वेगाने गेला तेथे रेषा क्षीण आहे, जेथे थबकला तेथे ती जाड आणि तेजस्वी आहे. मात्र रेषेचे कोणते टोक आधीचे आणि कोणते नंतरचे, हे चित्र सांगत नाही. म्हणजे गती आहे, क्रम नाही. सोस्यूर याने भाषिक चिन्हाचे एक मूलभूत लक्षण म्हणून एकरेषीयता सांगितली; ध्वनी एकामागून एकच येऊ शकतात. पिकासोची रेषा काढली गेली ती तशाच एकरेषीय रीतीने, पण पोहोचली ती युगपत्. तिचे लेखनपण त्या क्षणी अर्धे नाहीसे झाले.

लेपनात ते पूर्णच नाहीसे होते. प्रस्तुत विवेचनाचा मुख्य विषय तोच आहे.

लेपनाचे साधन म्हणजे विजेरी. (हा शब्द ग्रांथिक; बोलीत तिला 'बॅटरी' म्हणतात आणि बॅटरीला 'सेल', आणि या व्यवस्थेत कोणाची गैरसोय झालेली नाही.) विजेरीला रंग देण्याची जुनी रीत म्हणजे तिच्या तोंडावर रंगीत पारदर्शक पट्टी धरणे. रंगभूमीवर अशा पट्ट्या पूर्वी खरोखरच जिलेटिनच्या असत. आकाशकंदिलाच्या कागदाला मराठीत 'जिलेटिन' हे नाव चिकटले आहे, ते द्रव्य बदलले तरी सुटलेले नाही. ही पट्टी रंग घालत नाही, काढते. पांढऱ्या प्रकाशातील इतर किरण अडवून एकाच रंगाचे सोडते. तापलेल्या तारेच्या दिव्यात तांबडा भाग विपुल आणि निळा भाग अल्प असतो. त्यामुळे जुन्या विजेरीने लाल सहज मिळे, निळा मात्र मोठ्या कष्टाने. त्या काळच्या रात्रचित्रांत उष्ण रंगांचे प्राबल्य दिसते त्याचे एक कारण अभिरुचीत नसून तारेत आहे. त्यातच तारेच्या दिव्यासाठी समतोल साधलेली फिल्म वापरली की चांदणे आपोआप निळसर उमटते. निळ्याची सोय आकाशाने केलेलीच असे. निळा एलईडी साध्य झाल्यावर ही मर्यादा संपली. त्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज एका मुठीत मावणाऱ्या दिव्यातून बोटाच्या हालचालीने कोणताही रंग काढता येतो. साधन सुलभ झाले. कला सुलभ झाली की केवळ मुबलक झाली, हे पुढे पाहावयाचे आहे.

लेपनाचे एक तांत्रिक वैशिष्ट्य येथे ध्यानात घेतले पाहिजे. शटर उघडे असताना पडलेला प्रत्येक प्रकाश आधीच्या प्रकाशात मिळविला जातो. एका भिंतीवर प्रथम लाल आणि दोन मिनिटांनी हिरवा प्रकाश टाकला तर ती भिंत पिवळसर उमटते, जरी त्या रात्री कोणत्याही क्षणी ती पिवळी नव्हती. येथे बेरीज आहे, वजाबाकी नाही. एकदा पडलेला प्रकाश खोडता येत नाही. चित्रकाराला चुकलेल्या रंगावर दुसरा रंग चढविता येतो, लेपकाला येत नाही. या अर्थाने त्याचे काम कुंचल्यापेक्षा बोलण्याशी अधिक जवळचे आहे.

या पद्धतीचा सर्वांत ठळक प्रतिनिधी म्हणून अमेरिकन छायाचित्रकार ट्रॉय पायव्हा याचे नाव घ्यावे लागेल. १९८९ पासून तो अमेरिकेच्या पश्चिम भागातील टाकून दिलेल्या जागा रात्री चित्रित करीत आला : ओसाड पेट्रोलपंप, बंद पडलेली मोटेले, वाळवंटात गंजणारी वाहने आणि विमाने. पौर्णिमेच्या आसपासचे चांदणे, काही मिनिटांचे प्रकाशन आणि रंगीत पट्ट्या लावलेली विजेरी व फ्लॅश ही त्याची सामग्री. 'लॉस्ट अमेरिका' (२००३) आणि 'नाइट व्हिजन' (२००८) या त्याच्या पुस्तकांनी अनेक अनुयायी निर्माण केले. त्याची चित्रे प्रथमदर्शनीच मोहक आहेत, आणि मोहकता हीच त्यांच्या समीक्षेतील अडचण आहे.

प्रश्न असा : या चित्रांतील रंग काय काम करतो? पांढऱ्या विजेरीचा झोत हा दर्शक सर्वनामासारखा असतो. तो 'हे' म्हणतो, 'इकडे' म्हणतो. त्या वस्तूविषयी अधिक काही म्हणत नाही. झोत रंगीत झाला की 'हे'च्या जोडीला आणखी काही सांगितले जाते. ते विशेषण आहे की विधेय? 'लाल गाडी गंजली आहे' आणि 'गंजलेली गाडी लाल आहे' या दोन वाक्यांत शब्द जवळजवळ तेच आहेत. पहिल्यात लालपणा गृहीत आहे, दुसऱ्यात तो सांगितला जात आहे. चित्राला वाक्यरचना नसते, म्हणून तेथे हा भेद नसतोच असे मानण्याची घाई करू नये. तो ओळखण्याची कसोटी ध्वनिविचारातून घेता येते. 'काल' मधील क च्या जागी ग घातला की 'गाल' होतो. अर्थ बदलतो, म्हणून क आणि ग हे भिन्न स्वनिम. 'फळ' मधील फ ओठ मिटून उच्चारला काय किंवा दात टेकवून उच्चारला काय, फळ ते फळच राहते. हीच अदलाबदल रंगावर करून पाहावी. एका रंगाच्या जागी दुसरा कल्पिला असता चित्राचा अर्थ बदलतो काय?

पायव्हाच्या पद्धतीतील एक वारंवार येणारी योजना घ्यावी : बाहेर निळसर चांदणे आणि गंजलेल्या वाहनाच्या पोटात लाल प्रकाश. खिडक्या निखाऱ्यासारख्या दिसतात. आत अजून काही धुमसत आहे, कोणी नुकतेच उठून गेले आहे असे वाटते. येथे लालाच्या जागी हिरवा घातला तर निखारा विझतो आणि त्याच्या जागी विषाची, सडण्याची सूचना येते. तोच निळा घातला तर आत आणि बाहेर यांतील विरोधच संपतो आणि गाडी नुसती लोखंडाची राहते. रंग येथे अर्थभेदक आहे. त्याने गाडीविषयी विधान केले आहे. मेलेल्या यंत्राला तो एक भूतकाळ देतो. आनंदवर्धनाच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा व्यंग्यार्थ आहे, आणि तो वाच्यार्थाला, म्हणजे पत्रा, काच, गंज यांना, बाधा न आणता प्रतीत होतो.

आता दुसरी योजना घ्यावी, जी त्याच्या अनुयायांत फोफावली आहे : एका पडक्या खोलीची एक भिंत जांभळी, दुसरी हिरवी, छत नारिंगी. या रंगांची परस्परांत कशीही अदलाबदल करावी. चित्र पहिल्याइतकेच आकर्षक आणि पहिल्याइतकेच मुके राहते. हा रंग 'फळ' मधल्या फ च्या उच्चारासारखा आहे, वैकल्पिक.

यावर असा आक्षेप संभवतो की कलेने काही सांगितलेच पाहिजे हा हट्ट वैयाकरणाचा आहे. रंगांची संगती स्वयंपूर्ण आनंद देत असेल तर तेवढे पुरे. आक्षेप साधार आहे. लेपनाचा विषय जर केवळ आकार असता, कागदाच्या घड्या, काचेचे गोळे, पाण्याचा पृष्ठभाग, तर तो मान्यच करावा लागला असता. परंतु येथील विषय राहती घरे आहेत, निदान एकेकाळी होती. महामार्गाने वळण बदलल्यावर ओस पडलेले उपाहारगृह, खाण बंद पडल्यावर सोडलेले गाव यांना कारणे आहेत, त्यांतून उठून गेलेली माणसे आहेत. छायाचित्र वस्तूच्या प्रत्यक्ष खुणेतून घडते, आणि म्हणूनच ते साक्ष देते असे मानले जाते. या साक्षीवर वैकल्पिक रंग चढविला की उजाडपणाचे रूपांतर सजावटीत होते. ज्या खोलीतून एक कुटुंब गेले ती खोली आणि नाट्यगृहातला पडदा यांत मग भेद राहत नाही. कुंतकाने वक्रतेला काव्याचे जीवित म्हटले खरे, पण त्याच्या विवेचनात अलंकार्य वस्तूचा स्वभाव नाहीसा करण्याची मुभा अलंकाराला मिळत नाही.

या संप्रदायात एक समर्थन नेहमी पुढे केले जाते : सर्व काही कॅमेऱ्यासमोरच घडले, नंतर काही मिळविलेले नाही. संगणकावर रंग भरणाऱ्यांपासून वेगळेपणा दाखविण्यास हे समर्थन पुरेसे आहे. सत्याचा दाखला म्हणून ते अपुरे आहे. प्रकाश खरोखर पडला, हे खरे. पण प्रथम दारावर, मग छतावर, मग गाडीच्या पोटात असा तो क्रमाने पडला, आणि चित्र मात्र तो एकाच वेळी पडला असे सांगते. लेपनाचे चित्र पाहणाऱ्याला जो अनामिक धक्का बसतो त्याचे मूळ या विसंगतीत आहे : इतक्या दिशांनी प्रकाश येत असून एकही दिवा दिसत नाही. लेपकाने स्वतःचा काळ पुसलेला असतो.

तो पूर्ण मात्र पुसला जात नाही. आकाश चित्रात असेल तर तारे बिंदू न राहता लहान रेषा होतात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे आठ मिनिटांत दोन अंश, आणि तेवढी रेषा तारे इमानाने ओढतात. खाली माणसाने लेपन केले त्याच पटावर वर आकाशाने लेखन केले आहे, आणि खालच्या रंगांना किती वेळ लागला हे वरच्या ओळीवरून वाचता येते. सावल्यांचेही तसेच. विजेरी स्थिर ठेवली तर सावली कडक पडते. लेपक ती हलवीत राहतो, म्हणून सावलीच्या कडा विरतात. शिवाय विजेरीने केलेल्या सावलीत चांदणे शिरतेच. त्यामुळे लाल झोताची सावली काळी न दिसता निळसर-हिरवी दिसते. रंगीत सावल्यांचा हा विषय ग्योएटे याने १८१० च्या आपल्या रंगविषयक ग्रंथात तपशिलाने हाताळला आहे. मराठीने या कलेला नाव दिले ते प्रकाशावरून नव्हे, छायेवरून. पायव्हाच्या उत्तम चित्रांत लक्ष वेधतो तो पुष्कळदा उजळलेला भाग नसतोच. गाडीच्या चाकांखालचा, विजेरी न पोहोचलेला, चांदण्याने अर्धवट भरलेला तुकडा असतो. लाल पोट सांगते की येथे कोणी होते. तो तुकडा सांगतो की आता नाही. ज्या चित्रांत असा तुकडा शिल्लक ठेवलेला नाही, जेथे एकही कोपरा न रंगविता सोडवला गेला नाही, त्यांत लाल प्रकाशालाही विधेय होण्यास उद्देश्य उरत नाही.