कहाणी कोणाची, निवेदन कोणाचे? : वसुधेंद्र यांचा ‘मोहनस्वामी’

कुटुंबाच्या अपेक्षा आणि व्यक्तीची लैंगिकता यांतील संघर्ष चित्रित करणाऱ्या साहित्यकृतीचा विचार करताना, नायकाचे अखेर काय होते या प्रश्नाआधी त्याची कहाणी कोण सांगतो, हे पाहणे आवश्यक ठरते. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकात सुमित्रा देवची कहाणी बापू सांगतो. बापू सहृदय आहे. तरीही प्रेक्षकांपर्यंत पोचते ती त्याच्या आकलनात मावेल तेवढीच मित्रा. नाटकाचा शेवट तिच्या आत्मनाशात होतो. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत पुण्याच्या मध्यमवर्गीय घरातील तनय स्वतः बोलू लागतो. मात्र त्याचे बोलणे निघून गेलेल्या प्रियकराला उद्देशून असते, घरच्यांना नव्हे.

या पार्श्वभूमीवर बेंगळूरुचे कन्नड कथाकार वसुधेंद्र यांचा ‘मोहनस्वामी’ (२०१३) हा कथासंग्रह मराठी अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा वाटतो. यातील एक कथा पूर्वी टोपणनावाने प्रसिद्ध झाली होती. संग्रह मात्र लेखकाच्या स्वतःच्या नावाने आला. हे धैर्य गौरवास्पद आहेच; पण केवळ धैर्याने कलाकृती सिद्ध होत नाही. संग्रहाचे खरे बळ आहे ते आदर्शीकरणाच्या नकारात. एकत्र राहणारा कार्तिक लग्नाला उभा राहतो, तेव्हा मोहनस्वामीच्या मनात उसळणारा मत्सर आणि लाचारी लेखक झाकत नाही. सहानुभूती मिळवण्यासाठी नायकाला निष्कलंक करणे, हीही समाजापुढची एक शरणागतीच असते. वसुधेंद्र ती पत्करत नाहीत. स्वतःशी प्रामाणिक राहणे म्हणजे केवळ स्वतःला जाहीर करणे नव्हे, तर स्वतःचे क्षुद्रत्वही ओळखणे, हा या कथांचा आशय आहे. ‘किलिमांजारो’ या अखेरच्या कथेतील पर्वतारोहण म्हणूनच विजयाची घोषणा न वाटता स्वतःच्या देहाशी झालेला समेट वाटतो.

संग्रहाला एक मर्यादाही आहे. कार्तिकची वधू प्रामुख्याने मोहनस्वामीच्या दुखऱ्या नजरेतूनच दिसते. ज्या विवाहसक्तीने त्याला एकाकी केले, तिनेच या स्त्रीचीही फसवणूक केली आहे. तिची बाजू मांडणारा निवेदक अजून यायचा आहे.

संग्रह प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, ११ डिसेंबर २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ वैध ठरवले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील परस्परसंमतीचे संबंध त्या कलमाच्या कक्षेतून वगळले. परंतु कार्तिकला बोहल्यावर चढवणारी सत्ता न्यायालयाची नव्हती. ती घरात, आप्तेष्टांत आणि स्वतः त्याच्या मनात होती. कायदा बदलल्यानंतरही या कथा कालबाह्य होत नाहीत, याचे कारण हेच आहे.