पांढरा एप्रन आणि रुग्णाचे समाधान

डॉक्टरांच्या पोशाखाचा रुग्णाच्या समाधानावर परिणाम होतो का? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण त्यावर झालेले संशोधन तपासून पाहिले, तर ‘मोजले काय आणि त्यावरून म्हटले काय’ यांतला फरक विद्यार्थ्यांना दाखवायला हे चांगले उदाहरण आहे.

या विषयावरची एक मोठी पाहणी अमेरिकेत २०१५-१६ मध्ये झाली व २०१८ साली प्रसिद्ध झाली. दहा रुग्णालयांतील ४,०६२ रुग्णांना डॉक्टरांची छायाचित्रे दाखवली गेली. व्यक्ती तीच, पोशाख मात्र सात प्रकारचे. हे डॉक्टर जाणकार, विश्वासू, आस्थेवाईक वाटतात का, त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येईल का, त्यांच्यापुढे अवघडल्यासारखे तर होणार नाही ना, अशा पाच बाबींना गुण द्यायचे होते. औपचारिक कपड्यांवर पांढरा कोट, म्हणजे आपल्याकडचा एप्रन, घातलेल्या डॉक्टरांना सर्वाधिक गुण मिळाले. ५३ टक्के रुग्णांनी पोशाख महत्त्वाचा असल्याचे सांगितले. एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या मते त्याचा आपल्या समाधानावर परिणाम होतो.

पाहणी मोठी आहे, काळजीपूर्वक केलेली आहे. पण तिच्यावरून ‘एप्रन घातला की रुग्णाचे समाधान वाढते’ असे म्हणता येईल का? माझ्या मते नाही.

पहिले कारण असे की, छायाचित्रात कपड्यांखेरीज पाहण्यासारखे काही नसतेच. डॉक्टर ऐकून घेतात का, घाई करतात का, औषध कशासाठी हे समजावतात का, यांपैकी काहीही चित्रात दिसत नाही. मिसळीचे चित्र दाखवून चवीला गुण द्यायला सांगितले, तर माणसे गुण देतील. पण ते चवीचे नसतील, तर्रीच्या रंगाचे असतील. दुसरे कारण, ‘परिणाम होतो’ हे रुग्णांचे स्वतःविषयीचे मत आहे. प्रत्यक्ष तपासणीनंतरचे समाधान मोजून काढलेला तो निष्कर्ष नाही.

मग प्रत्यक्ष मोजले तर? असा प्रयोग अमेरिकेतच एका स्त्रीरोग व प्रसूती बाह्यरुग्ण विभागात झाला आणि २००७ साली प्रसिद्ध झाला. तेथील डॉक्टरांनी दर आठवड्याला कोणता पोशाख घालायचा हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले होते : औपचारिक, साधा रोजचा किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी घालतात तो. तपासणी झाल्यावर हजारावर रुग्णांना त्यांचे समाधान विचारले. पोशाखाप्रमाणे त्यात फरक आढळला नाही. प्रयोग एकाच विभागातला असल्याने त्यावरूनही सर्वत्र लागू पडणारा नियम काढता येत नाही. पण दोन्ही एकत्र वाचले की एक शक्यता दिसते : पोशाख पहिल्या नजरेवर परिणाम करतो, डॉक्टर बोलू लागले की इतर गोष्टी वरचढ ठरतात. आमच्या मंगळवार पेठेत साध्या शर्टात बसणाऱ्या फॅमिली डॉक्टरकडे लोक पिढ्यान्‌पिढ्या जातात, ते काही पोशाख पाहून नव्हे.

पहिल्या नजरेची ही अपेक्षाही निसर्गदत्त नाही. सुश्रुतसंहितेने वैद्याला नखे-केस बारीक ठेवावेत, पांढरी वस्त्रे नेसावीत, वेश भपकेदार नसावा असे सांगितले आहे. युरोप-अमेरिकेत मात्र एकोणिसाव्या शतकात बराच काळ डॉक्टर काळ्या कोटात वावरत. फिलाडेल्फियाचे चित्रकार थॉमस ईकिन्स यांच्या १८७५ च्या चित्रात शल्यविशारद डॉ. ग्रॉस काळ्या कोटात शस्त्रक्रिया करताना दिसतात. १८८९ च्या चित्रात डॉ. ॲग्न्यू पांढऱ्या पोशाखात आहेत. जंतूंविषयीचे ज्ञान वाढत गेले तसा रंग बदलला आणि लोकांची नजरही.

या दोन चित्रांच्या मधल्या काळात आनंदीबाई जोशी त्याच शहरात वैद्यक शिकत होत्या. १८८५ सालच्या तेथील प्रसिद्ध छायाचित्रात त्या, जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली आपापल्या देशांच्या पोशाखांत आहेत. डॉक्टरकीची एकही खूण कपड्यांत नाही. पदवीनंतर आनंदीबाईंची नेमणूक झाली ती कोल्हापुरात, आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागात. आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय ते हेच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले आणि ते काम राहून गेले. ‘पोशाखावरून गुण द्या’ अशी पाहणी तेव्हा झाली असती, तर लुगड्यातल्या डॉक्टरला किती गुण मिळाले असते?

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत तसाच पोशाख केलेल्या पुरुषापेक्षा स्त्री डॉक्टर लोकांना कमी व्यावसायिक वाटली आणि परिचारिका किंवा तंत्रज्ञ समजली जाण्याचे प्रमाण तिच्या बाबतीत जास्त होते. अशा पाहण्या डॉक्टरचे कौशल्य मोजत नाहीत, पाहणाऱ्याची सवय मोजतात. ती सवय नियम म्हणून स्वीकारली, तर पूर्वग्रहालाच आपण समाधानाचे नाव देऊ. एप्रन विकत मिळतो, पदवी मिळत नाही, हे भोंदू डॉक्टरांना चांगले ठाऊक असते.

शिवाय समाधान आणि आरोग्य एक नव्हेत. अमेरिकेतील मेरीलँड येथे १४९ जणांचे पांढरे कोट तपासले असता ३४ कोटांवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जिवाणू सापडले. त्यामुळे रुग्णांना संसर्ग झाला असे यातून सिद्ध होत नाही. तरीही इंग्लंडने २००८ पासून रुग्णतपासणीच्या वेळी कोपराखाली हात उघडे ठेवण्याचे धोरण घेतले, जेणेकरून हात नीट धुता यावेत. रुग्णाला शोभिवंत वाटते ते त्याच्या हिताचे असेलच असे नाही.

हे वर्गात करून पाहता येईल. मुलांच्या अनोळखी एखाद्या व्यक्तीची, तिच्या संमतीने, एप्रनसह व एप्रनशिवाय अशी दोन छायाचित्रे घ्या. चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट करा. प्रत्येक गटाला एकच छायाचित्र दाखवून ‘विश्वास वाटतो का?’ याला दहापैकी गुण द्यायला सांगा. मग त्याच व्यक्तीने छायाचित्रातल्याच पोशाखात येऊन दोन्ही गटांशी प्रथमोपचारावर तेच दहा मिनिटे बोलावे. पुन्हा गुण घ्या आणि दोन्ही गटांच्या सरासरींमधला फरक आधी किती होता, नंतर किती उरला, ते फळ्यावर मांडा. शेवटी हे सगळे प्रयोगासाठी होते, हे मुलांना सांगायला विसरू नका.