हसण्याचा पगार

आर्ली हॉकशील्ड यांच्या ‘द मॅनेज्ड हार्ट’ (१९८३) या पुस्तकाच्या सुरुवातीलाच दोन कामगार समोरासमोर येतात: मार्क्सच्या ‘भांडवल’मधला वॉलपेपर कारखान्यातला मुलगा आणि आजची हवाई सुंदरी. त्याचे हात विकले जातात, तिचं हसूही.

मला ही जोडी वरठीत सापडते. आमच्याकडे पोलादाचा कारखाना आहे. शिफ्ट सुटल्यावर माणसाचा थकवा चेहऱ्यावर दिसतो, तो लपव असं कुणी म्हणत नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मी भंडारा रोड स्टेशनवरून गाडी पकडून नागपूरच्या एका गेम झोनवाल्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये कामाला जायचो. तिथे थकवा लपवणं हेच अर्धं काम. दिवसाला चार-पाच वाढदिवस, प्रत्येक केकपाशी टाळ्या वाजवत तेच गाणं.

हॉकशील्ड म्हणतात, अशाने माणसाला स्वतःच्याच भावना परक्या होतात. मला हे अर्धंच पटतं. आमची पोरं भांडी घासताना गिऱ्हाइकांच्या नकला करून पोट धरून हसायची. खरं हसू त्यांनी जपलं होतं. बिघडत होतं ते टेबलापलीकडे. सहा वर्षांचं पोर बापाच्या वयाच्या वेटरला ‘ए भैया’ म्हणून हाक मारायचं आणि आईबाप कौतुकाने बघायचे. पैसे दिले की समोरच्याने हसायचंच, हा धडा तिथे मिळत होता.

पुस्तक हसू विकणाऱ्याच्या मनात खोल उतरतं, विकत घेणाऱ्याच्या मनात तेवढं नाही. डिलिव्हरीवाला हसला नाही म्हणून ॲपवर एक तारा कापणारे आपण, त्या धड्यातच वाढलो आहोत.