‘पोखरण’: एका चित्रशीर्षकाची नोंद
१९७५ ते २००५ या काळात ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत चित्रे रंगविणाऱ्या सुधीर पटवर्धन यांच्या एका चित्राचे नाव ‘पोखरण’ असे आहे. नौपाड्यातील प्रेक्षकास ते ठाण्याच्याच पोखरण रस्त्याचे म्हणून सहज कळते. १९७४ व १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे परस्थ सूचिकार मात्र राजस्थानकडे वळावयाचा, आणि ओळखीच्या परिसराचे चित्र अण्वस्त्रांवरील भाष्य ठरावयाचे! २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पटवर्धनांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. परंतु असे एकत्र आलेले काम प्रदर्शन संपताच पुन्हा विखुरते. म्हणून कच्ची रेखाटने, छायाचित्रे व स्थळाविषयीचे चित्रकाराचे स्वतःचे शब्द चित्राच्या नोंदीसच जोडावयास हवेत. शीर्षकाचे केवळ रोमन लिप्यंतर करणारी सूची येथे अपुरी पडते.