इराण्याचे हॉटेल : एका स्मरणरंजनाची चिकित्सा

मुंबईच्या इराणी हॉटेलांवर मराठीत आणि इंग्रजीत इतके लिहून झाले आहे की त्याचा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानायला आता हरकत नाही. धोबीतलावचे 1904 चे कयानी, तिथून जवळच 1913 चे ससानियन, ग्रँट रोड स्टेशनाशी 1914 मध्ये सुरू झालेले मेरवान, बॅलार्ड इस्टेटमधले 1923 चे ब्रिटानिया. लेखक एकेका दारात शिरतो आणि पुढे काय येणार ते वाचकाला पाठ असते. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवरचे आरसे, काचेच्या बरण्यांतली खारी आणि नानकटाई. मग पहाटे संपणारा मावा केक. मग ब्रून-मस्का चहात बुडवण्याचा विधी. गल्ल्यावर तिरसट पण मनाचा मोठा मालक. शेवटी उसासा : एकेक हॉटेल बंद होत चालले, मुंबई आता ती मुंबई राहिली नाही.

या लेखांत एक वाक्य हमखास असते. 'इथे सर्व जातिधर्मांचे लोक एकाच टेबलाशी बसत.' एवढे म्हणून लेखक पुढच्या ओळीत केककडे वळतो. केकला दोन परिच्छेद आणि जातीला एक वाक्य, हे या वाङ्मयाचे प्रमाण आहे. ज्याला कुठल्याही टेबलाशी बसायला कधी अडचण पडली नाही, त्याला ते एक वाक्य पुरते. आम्हाला ते पुरत नाही. आमच्या लेखी इराण्याच्या हॉटेलातली मुख्य वस्तू केक नव्हे, कप आहे.

गावाकडच्या चहाच्या हॉटेलात महारा-मांगांचा कप कुठे असे, हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. बाहेर, छपराच्या वळचणीला किंवा खुंटीला. कान तुटलेला, कित्येक ठिकाणी कपही नाही, करवंटी. आपला कप आपणच काढायचा, वरून ओतलेला चहा झेलायचा, उकिडवे बसून प्यायचा, आणि आपणच विसळून पुन्हा जागेवर ठेवायचा. पैसे मात्र आतल्या माणसाइतकेच. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (1984) हा वेगळा कप आहे आणि त्याविरुद्ध पोलिसांत केलेली तक्रारही आहे. म्हणजे ही काही पेशवाईतली गोष्ट नव्हे. असा कप मागे टाकून मुंबईला आलेला गिरणी कामगार, गोदीतला हमाल, झाडूवाला पहिल्यांदा इराण्याच्या हॉटेलात शिरला असेल तेव्हा त्याने आरशाकडे पाहिले असेल की समोर आदळलेल्या कपबशीकडे? ती बशी त्याच्या आधी कोणी तोंडाला लावली होती आणि त्याच्यानंतर कोण लावणार होते, याची नोंद कुणी ठेवली नव्हती. त्याच्या आयुष्यात हा केवढा प्रसंग असेल! स्मरणरंजन करणाऱ्यांच्या लेखी मात्र तो प्रसंगच नाही.

हे इराणी आले कोण? शेकडो वर्षांपूर्वी आलेल्या पारशांहून ते निराळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात ते यझ्द, केरमान या भागांतून दुष्काळ आणि छळ यांना कंटाळून आले. त्यांत जरथुष्ट्री होते तसे मुसलमानही होते. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. खरे असेल तर मोठी मौजेची गोष्ट आहे. धर्माने ओवाळून टाकलेल्या कोपऱ्यावर धर्माने ओवाळून टाकलेल्या माणसाला पहिली खुर्ची मिळाली. इराण्याला गावकीत मान टिकवायचा नव्हता. त्याच्या चहाने त्याला कोणी वाळीत टाकणार नव्हते. त्याला गल्ल्यात पैसा हवा होता. हे मी त्याला कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. दया दाखवणाऱ्या सवर्णापेक्षा रोख पैसा घेऊन कप देणारा परका आम्हाला अधिक मोकळा करून गेला.

सवर्णांनाही चहा निरुपद्रवी नव्हता. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये 1890 मध्ये झालेल्या चहापानावरून केवढे ग्रामण्य माजले! टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली. हा किस्सा आज गमतीने सांगितला जातो. त्यांनी चहा प्यायला आणि प्रायश्चित्त घेऊन ते पुन्हा आत गेले. आमच्या माणसाला घेण्याजोगे प्रायश्चित्तच धर्माने ठेवले नव्हते.

इथे आपल्याकडच्याही एका भाबडेपणाला हात घातला पाहिजे. इराण्याने जात मोडली, असे आपलेही काही लोक बोलून जातात. इराण्याने जात विचारली नाही. न विचारणे आणि कळल्यावरही बसू देणे या दोन गोष्टी एक नव्हेत. बाबासाहेब 1917 मध्ये परदेशातून परतून बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी सराईत ते पारशी नाव लावून राहिले. काही दिवसांत जात कळली आणि काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात उभा राहिला. पारशी म्हणजे इराणी नव्हे आणि बडोदे म्हणजे मुंबई नव्हे, हे मान्य. पण जातिव्यवस्थेबाहेरून आलेला माणूस या देशात काही पिढ्या राहिला की जातीचा शिपाई होऊ शकतो, एवढे त्यातून दिसते. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) या कथेतला रेल्वेतला तरुण परगावी खोलीसाठी जात लपवतो आणि उघडकीस आल्यावर मार खातो. इराण्याच्या खुर्चीत बसलेल्या आमच्या माणसाच्या मनात हा तरुण थोडासा तरी बसलेला असे. शहराने त्याला अनामिकपणा दिला होता. माणूसपण अजून द्यायचे होते.

या मुंबईचे दुसरे चित्र दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (1978) आहे. त्यांचे मुंबईतले बालपण नागपाड्याकडच्या कावाखान्यात गेले. कावाखाना म्हणजे कॉफीचे घर. नाव असे आणि वस्ती कोणाची? गोदीत राबणाऱ्या पुरुषांची, चिंध्या, कागद, काचा गोळा करणाऱ्या बायांची. मुंबईच्या जुन्या चहाघरांचा इतिहास लिहिणारा एकही माणूस या नावापाशी थबकलेला मला आढळला नाही. त्याच्या नकाशात फोर्ट आहे, धोबीतलाव आहे. कावाखाना नाही आणि नामदेव ढसाळांचा गोलपिठाही नाही. बसायला खुर्ची असलेल्यांचाच तो नकाशा आहे.

अपवाद करायचा तर अरुण कोलटकरांचा करावा लागेल. काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये ते मित्रांसह वर्षानुवर्षे बसत. तिथल्या बसण्यातून 2004 चा 'काळा घोडा पोएम्स' हा इंग्रजी संग्रह आला.  ते बाहेर पाहात राहिले. फुटपाथवर इडली खायला जमलेली माणसे, रस्ता झाडणाऱ्या बाया यांना त्यांनी कवितेच्या मध्यभागी आणले. ही दृष्टी प्रामाणिक आहे, तिच्यात कणव मिरवलेली नाही. तरी पाहणारा आत आणि पाहिला जाणारा बाहेर ही मांडणी तशीच राहते. फुटपाथवरून त्या खिडकीकडे पाहिले तर काय दिसते, हे कोलटकर सांगू शकत नव्हते. ते काम त्यांचे नव्हेच, ते आपल्या लेखकांचे आहे.

याच वेसाइड इनबद्दल एक आख्यायिका सांगतात की राज्यघटनेचा काही भाग बाबासाहेबांनी तिथल्या टेबलावर लिहिला. ती मी अनेकदा वाचली. सोबत पुरावा ठेवलेला कुठे दिसला नाही. स्मरणरंजनाला बाबासाहेब चालतात, पण टेबलाची शोभा म्हणून. त्याच घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तिथे प्रवेश करण्यास कोणाही नागरिकाला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणाने अडवता येणार नाही. 1955 च्या अस्पृश्यता कायद्यात तर हॉटेलातल्या भांड्यांचाही उल्लेख आहे. वळचणीचा तो तुटका कप कायद्याच्या पुस्तकापर्यंत गेला, पण हॉटेलांवरच्या पुस्तकांत आला नाही. टेबलाची दंतकथा सांगणाऱ्याला हा अनुच्छेद आठवत नाही, याला विसरणे म्हणायचे की सोय?

आता आणखी एका हॉटेलाकडे वळतो. ते मुंबईचे नव्हे आणि इराण्याचेही नव्हे. शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचा महार नोकर होता. मराठ्यांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्याला इतर नोकरांनी बेदम मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामाला नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढायला सांगितले. कोल्हापुरात भर रस्त्यावर 'सत्यसुधारक' हॉटेल निघाले. महाराचा चहा कोण पिणार? महाराजांनी हॉटेलासमोर गाडी थांबवली, चहा मागवला, स्वतः प्यायले आणि बरोबरच्या उच्चवर्णीयांनाही पाजला.

इराण्याच्या हॉटेलात गिऱ्हाईकाची जात झाकलेली होती, म्हणून चहा मिळाला. इथे मालकाची जात साऱ्या गावाला ठाऊक होती आणि तरीही चहा प्यावा लागला. पहिल्या हॉटेलाचे आम्ही ऋणी आहोत, पण आमच्या विद्रोहाची परंपरा दुसऱ्याशी जुळते. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच अलिखित राहिली आहे. इराण्याकडे टेबलावर फडके मारणारा पोऱ्या कोण होता, मागच्या मोरीत दिवसभर कप कोण विसळत होते, भट्टीपुढे मध्यरात्री पाव कोण काढत होते, ती माणसे कुठल्या गावची आणि कुठल्या जातीची? त्यांच्यापैकी कोणी म्हातारा अजून हयात असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसले पाहिजे. मेरवानच्या केकची पाककृती लिहून घेणारे पुष्कळ आहेत.