बारावीला बायो नव्हतं

साताऱ्याहून, सांगलीहून मला सारखा एकच प्रश्न येतो: "ताई, बारावीला बायो नव्हतं, आता एमबीबीएस जमेल का?"

उत्तर आधी देते. जमेल. बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून पास व्हा आणि नीटला बसा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ च्या सूचनेत हे मान्य केलंय. जुन्या मेडिकल कौन्सिलच्या काळात हे चालायचं नाही. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी दोन्ही वर्षं सलग, नियमित कॉलेजात, प्रात्यक्षिकांसह झालेलं असायला हवं होतं.

म्हणजे सगळं छान झालं? नाही. प्रवेशाच्या अटी हाच माझ्या पीएच.डी.चा विषय आहे, त्यामुळे ही सूचना मी जरा खोदून वाचली. तिचा भर आहे नव्या शैक्षणिक धोरणातल्या लवचिकतेवर. पण एखादी अट सैल करायची, तर ती मुळात कशासाठी होती हे आधी बघायला नको का?

अमेरिकेत याच प्रश्नावर २००९ मध्ये एक अहवाल आला. तिथल्या मेडिकल कॉलेजांची संघटना आणि हॉवर्ड ह्यूजेस संस्था यांनी तो मिळून काढला होता. मुद्दा साधा होता: विद्यार्थ्याने कुठले कोर्स केले याची यादी तपासत बसू नका, त्याला काय येतं ते तपासा. हीच फूटपट्टी आपल्याकडे लावून बघा. नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण. पुस्तकी जीवशास्त्र येतं की नाही, हे तिथंच कळतं. बारावीच्या मार्कशीटने त्यात फारशी भर पडत नाही.

नीट तपासत नाही ते हात. सूक्ष्मदर्शक लावणं, स्लाइड तयार करणं, दिसलं ते वहीत काढणं. आपल्या बोर्डात बारावी बायोला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० असतं. माझ्या मते जुन्या अटीतला जपण्यासारखा भाग हे ३० गुणच होते. पण जादा विषय घेणाऱ्या पोरीने प्रयोगशाळा कुठून आणायची, याची सोय आधी व्हायला हवी होती. सवलत दिली, ती कागदावर.

आणि विषय "सुटतो" कसा, तेही बघा. मी स्वतः कॉम्प्युटर सायन्स घेतलं होतं, बायफोकल, २०० गुणांचं. त्यात एक भाषा गेली आणि बायोही गेलं. मार्क चांगले पडतात, असं सांगितलं होतं. सोळाव्या वर्षी कोण पुढचं विचारतं? मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ पासून आहे, साताऱ्याचं २०२१-२२ पासून. कॉलेज दारात आलं, पण त्या दाराची चावी अकरावीच्या फॉर्मवरच्या एका रकान्यात राहिली.

आता तुमचं काम. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात. तिथं सुट्या विषयासाठी, म्हणजे ज्याला सगळे आयसोलेटेड म्हणतात त्यासाठी, चौकशी करा. भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के लागतात, आरक्षित वर्गाला ४०. फॉर्म भरण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात एकच विचारा, प्रात्यक्षिकं कोण करून घेणार? "बघू नंतर" असं म्हणाले, तर दुसऱ्या कॉलेजात जाऊन विचारा.